मशीनच्या बाजूला ४०१०६, बोर्डावर एचसी१४

श्मिट ट्रिगरची आयसी (डळमळता सिग्नल स्वच्छ चालू-बंद करून देणारी) मागितली की दुकानदार विचारतो, "चौदा नंबर ना?" आपणही मान डोलावतो. आता चौदा नंबरात एलएस१४ आली, एचसी१४ आली, एचसीटी१४ आली आणि सीडी४०१०६सुद्धा त्याच पिनांवर बसते. सहा इन्व्हर्टर (सिग्नल उलटा करणारे गेट), ७ नंबरला ग्राउंड, १४ला सप्लाय, सगळं सारखं. घोळ इथेच होतो. बेसमध्ये बसली म्हणजे चालेल, असं धरून लोक कार्ड बनवतात आणि मग दोष प्रोग्रॅमवर जातो.

मी भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपना काउंटर कार्ड बनवून देतो. कन्व्हेयरवर प्रॉक्सी (वस्तू जवळ आली की सिग्नल देणारा सेन्सर), तिथून पॅनेलपर्यंत लांबलचक वायर, आणि ती वायर हमखास ड्राइव्हच्या मोटर केबलबरोबर एकाच ट्रेमधून आणलेली. (वायरमनला वेगळी आणायला सांगून बघा, तो हसतो.) शेजारचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा रिले) पडला की काउंट एकाने पुढे. संध्याकाळी सुपरवायझरचा हिशोब जुळत नाही आणि फोन मला येतो. त्यामुळे या आयसींबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत, आणि ती सगळी या कामातून आलेली आहेत. ऑडिओवाल्यांची वेगळी असतील.

माझी पहिली पसंती सीडी४०१०६. कारण एकच, ती ३ ते १८ व्होल्टवर चालते आणि व्होल्टेज वाढवलं की हिस्टेरिसिसही (आउटपुट पलटण्याच्या वरच्या आणि खालच्या व्होल्टेजमधलं अंतर) वाढतो. डेटाशीटमध्ये टिपिकल आकडे आहेत ५ व्होल्टवर ०.९, १० व्होल्टवर २.३ आणि १५ व्होल्टवर ३.५. माझ्या कार्डवर रिलेसाठी १२ व्होल्ट असतातच, तेच हिला देतो. म्हणजे इनपुट एकदा वर गेलं की दोन-अडीच व्होल्ट खाली आल्याशिवाय आउटपुट हलत नाही. तेवढा मोठा काटा (व्होल्टेजची क्षणिक उसळी) लांब वायरवरही सहसा येत नाही, आणि आला तर आयसीच्या आधीचा फिल्टर खातो. प्रॉक्सी एनपीएन (आउटपुट ग्राउंडला ओढणाऱ्या प्रकारची) असेल तर १२ व्होल्टला ४.७ के पुलअप (सिग्नल एरवी वर धरणारा रेझिस्टर), मग १० के सिरीजमध्ये, मग ग्राउंडला १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) कपॅसिटर, आणि तिथून आयसीची पिन. टाइम कॉन्स्टंट एक-दीड मिलिसेकंद येतो. कन्व्हेयरवरून सेकंदाला चार-पाच डबे जाणार, त्याला हे भरपूर. तो १० के वाचवायच्या भानगडीत पडू नका. फिल्टर हे त्याचं अर्धं काम. वायरवर २४ व्होल्ट चुकून आले तर आयसीच्या आतल्या डायोडमधून जाणारा करंट तोच मिलिअँपभरावर धरून ठेवतो.

तिच्यात खोट आहे ती आउटपुटच्या जोराची. ५ व्होल्टवर आउटपुटची खात्री जेमतेम अर्ध्या मिलिअँपची. एलईडी थेट लावलात तर मिणमिणतो आणि आउटपुटची लेव्हलही ढासळते. वेगही कमी, ५ व्होल्टवर १४० नॅनोसेकंदांच्या आसपास, पण डबे मोजायला नॅनोसेकंद कोणाला हवेत? शिवाय १२ व्होल्टचं आउटपुट ५ व्होल्टच्या कंट्रोलरला सरळ जोडता येत नाही. मी मध्ये सीडी४०५० घालतो, ५ व्होल्ट सप्लायवर. तिच्या इनपुटला सप्लायपेक्षा जास्त व्होल्टेज चालतं, ती त्याच कामासाठी आहे.

७४एचसी१४ बोर्डाच्या आतल्या कामाला उत्तम. २ ते ६ व्होल्ट, दहा-बारा नॅनोसेकंद, ४ मिलिअँपची खात्री. रिसेटचं आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी), बोर्डावरचं बटण, जवळच्या एन्कोडरची कळकट पल्स, हे तिचं क्षेत्र. इथे काही पोरं एचसी०४ लावून मोकळी होतात, पिना त्याच म्हणून. एचसी०४ला ४.५ व्होल्टवर इनपुट ५०० नॅनोसेकंदांच्या आत वर किंवा खाली जायला हवं. आरसीचा मिलिसेकंदांचा चढ दिलात तर मधल्या पट्ट्यात ती थरथरते आणि एका बटणाचे पाच काउंट होतात.

एचसी१४ चा एक सापळा मात्र ध्यानात ठेवा. ४.५ व्होल्टवर वरचा थ्रेशोल्ड (इनपुट वर जाताना आउटपुट पलटतं ते व्होल्टेज) टिपिकल २.४-२.५ असला तरी कमाल ३.१५ पर्यंत जाऊ शकतो, आणि सप्लाय ५ केला की आणखी वर. ईएसपी३२ कंट्रोलरचा ३.३ व्होल्टचा सिग्नल त्यात देणं म्हणजे नशिबावर सोडणं. टेबलावर चालेल, दुसऱ्या बॅचची आयसी आली की बंद. अशा ठिकाणी एचसीटी१४ घ्या, तिचा वरचा थ्रेशोल्ड कमालीत कमाल दोन व्होल्टांच्या आसपास. फक्त तिला सप्लाय ४.५ ते ५.५ च लागतो.

एलएस१४ बद्दल फार लिहीत नाही. जुन्या कार्डाची दुरुस्ती असेल तर घ्या, नवीन डिझाइनला नको. तिच्या इनपुटमधून करंट बाहेर येतो, लो असताना कमाल ०.४ मिलिअँप. वर सांगितलेल्या १० के मधून तो गेला तर हिशोबाने ४ व्होल्ट होतात, आणि तिचा खालचा थ्रेशोल्ड ०.८ च्या आसपास. इनपुट खाली येणार कसं?

आणि सगळीकडे आयसी लागतेच असं नाही. आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८ च्या डिजिटल इनपुटला श्मिट ट्रिगर आतच असतो. बोर्डावरच्या एका बटणासाठी वेगळी एचसी१४ लावणं मला उधळपट्टी वाटते.

खरेदीचं सांगतो. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला या आयसी सहज मिळतात, किंमत चहा-वड्याच्या घरातली. स्वस्तात मिळालेली लॉट तपासून घ्या. मी ब्रेडबोर्डवर १० के चा पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) लावतो, मधला पाय इनपुटला, तिथेच मल्टिमीटर, आणि आउटपुटला दुसरा मल्टिमीटर. पॉट हळूहळू वर नेला की आउटपुट टक्कन पडायला हवं, मग खाली आणताना बऱ्याच खालच्या व्होल्टेजला टक्कन उठायला हवं. एका दुकानातून आणलेल्या एचसी१४ मध्ये हे दोन आकडे जवळजवळ एकच आले आणि मध्ये आउटपुट लोंबकळत राहिलं. वरचा छाप १४ चा, स्वभाव ०४ चा. नखाने घासल्यावर छापही निघाला.

न वापरलेली इनपुटं ग्राउंडला बांधा, सप्लायच्या पिनेजवळ १०४ लावा. इन्व्हर्टरऐवजी श्मिट ट्रिगरची नँड गेट हवी असेल तर ४०९३ आणि ७४एचसी१३२ या दोन्ही चार नँडच्या, पण पिना वेगळ्या. ४०९३ चं दुसरं आउटपुट ४ नंबरला, १३२ चं ६ ला. एकीच्या जागी दुसरी बसवायची असेल तर पीसीबीच बदलावा लागतो, आणि ४०१०६-एचसी१४ ची सवय झालेला माणूस तिथे हमखास अडकतो.