राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची तक्रार सेवा : ओढा वाचला, विहिरींचे काय?

ओढ्याचे पाणी काळसर पडले आणि काठावरच्या दोन विहिरींना वास येऊ लागला, तेव्हा आम्ही काही जणांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली. त्या दिवसापासून अहवाल हाती पडेपर्यंत जे पाहिले, त्यावरून या सेवेबद्दलचे माझे मत नोंदवत आहे.

क्षेत्र अधिकारी तिसऱ्या दिवशी आले, आणि हा उशीर मला खटकला, कारण रात्री सोडलेले सांडपाणी सकाळपर्यंत पुढे निघून जाते. नमुना घेण्याचे काम मात्र चोख होते. पाण्याचा सामू (म्हणजे ते किती आम्ल वा अल्क आहे) आणि तापमान त्यांनी काठावरच मोजले. मग काचेच्या लहान बाटलीत एकही बुडबुडा राहणार नाही अशा बेताने पाणी भरून त्यात दोन द्रावणे सोडली. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असेल तर तपकिरी साका बसतो. ओढ्यात सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याच्या वरच्या अंगाला घेतलेल्या पाण्यात तो तसा बसला. खालच्या अंगाच्या बाटलीत साका पांढराच राहिला, म्हणजे तिथे प्राणवायू जवळजवळ उरलाच नव्हता. आमच्याबरोबर आलेले एक वयस्कर शेतकरी त्या बाटलीकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांची जनावरे त्याच पाण्यावर होती.

कारखान्याच्या नळातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना घेताना अधिकाऱ्यांनी घाई केली नाही, याचे मोल मला नंतर कळले. १९७४ च्या जल प्रदूषण अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे व्यवस्थापनाला तिथल्या तिथे नोटीस द्यावी लागते, त्यांच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करावे लागतात आणि दोन्ही बाटल्या सीलबंद करून त्यांवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्या लागतात. ही रीत पाळली नाही तर तपासणीचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. गावातून भरून नेलेली बाटली म्हणूनच कितीही खरी असली तरी कारवाईला पुरी पडत नाही.

ओढ्या-नद्यांत सोडायच्या सांडपाण्याच्या बीओडीची, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूची, सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम आहे, आणि आमच्या अहवालातील आकडा तिच्या पुष्कळ वर होता. मंडळाने कारखान्याला नोटीस दिली व स्राव थांबला. कलम ३३-अ नुसार मंडळ उद्योग बंद करण्याचा, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचाही आदेश देऊ शकते, आणि या अधिकाराची जाणीव कारखान्याला आहे हे स्पष्ट दिसले.

माझी खरी तक्रार जमिनीबद्दल आहे. पहिल्या भेटीत विहिरींचे नमुने घेतलेच नाहीत. त्यासाठी आम्हाला वेगळा अर्ज करावा लागला. ओढा वाहता असतो, स्राव थांबल्यावर तो हळूहळू सावरतो. जमिनीत मुरलेले क्षार मात्र वर्षानुवर्षे विहिरीत उतरत राहतात, आणि बीओडीच्या चाचणीत ते दिसतही नाहीत. ज्यांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे त्यांच्या विहिरी पहिल्याच दिवशी तपासल्या जाव्यात, असे मला मनापासून वाटते. अहवालही मागितल्यावरच मिळाला.

कारखान्याला सांडपाणी सोडण्याची संमती कोणत्या अटींवर दिली आहे, याची नोंदवही मंडळाला ठेवावी लागते, आणि कलम २५ प्रमाणे त्या सांडपाण्याची झळ बसणाऱ्या कोणालाही ती कार्यालयीन वेळेत पाहता येते. हे आम्हाला कार्यालयात कोणी आपणहून सांगितले नाही. ती पाहिल्यावर मात्र आमचा दुसरा अर्ज नेमका झाला, कारण कोणत्या अटीचा भंग होतो आहे ते त्यात लिहिता आले.

दुसऱ्या भेटीत दोन्ही विहिरींचे नमुने घेतले गेले. पावसाळ्यानंतर ते पुन्हा घ्यावेत, असा अर्ज आम्ही दिला असून त्याची पोच मिळाली आहे.