नऊ महिने ऑनलाइन बॅकअप: फाइल परत आली, फॉन्ट आला नाही

सांगलीत गावभागात माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून द्यायचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका आणि पावसाळा संपता संपता दोन-तीन दिवाळी अंक. २०२४ च्या जूनपासून बॅकब्लेझ या कंपनीची कॉम्प्युटर बॅकअपची सेवा घेतली आहे, म्हणजे फाइलींची नक्कल आपोआप इंटरनेटवरून त्यांच्याकडे जाते. विकत घेतल्यावर आठ दिवसांत लिहिलेले रिव्ह्यू पुष्कळ मिळतात, पण बॅकअप कामाचा आहे की नाही हे फाइल हरवल्याशिवाय कळत नाही. माझी दोनदा हरवली, म्हणून आता लिहायला बसलोय.

आधी पुराचं सांगतो, त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. दुकानाच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती, वडिलांनी पेन्सिलीने मारलेली. २०१९ च्या ऑगस्टात पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही हिशेब केला, रेघेच्या वर दोन फूट सामान ठेवलं की झालं. सीपीयू, मॉनिटर आणि बॅकअपची हार्ड डिस्क एकाच फळीवर चढवली, कुलूप लावलं आणि विश्रामबागला ताईकडे गेलो. २००५ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५३ फुटांच्या वर गेली होती. २०१९ ला ती ५७ च्या वर गेली. मूळ आणि नक्कल शेजारी शेजारी बसून बुडाली. अकरा वर्षांचं काम होतं.

त्यानंतर दुसरी डिस्क ताईकडे ठेवायची असं ठरवलं. पहिले काही रविवार इमानदारीत नेली. मग महिन्याने, मग सणाला गेलो की. २०२४ च्या मे महिन्यात पाहिलं तर ताईकडची नक्कल आठ महिने जुनी. शिस्त आपल्याच्यानं होत नाही हे एकदा कबूल केलं आणि जे आपोआप होईल त्याच्यासाठी पैसे मोजायचे ठरवले.

बरेच जण विचारतात, गुगल ड्राइव्ह असताना हे कशाला? गुगल वनचे दोन टीबी वर्षाला ६५०० रुपयांना पडतात, म्हणजे स्वस्तच. पण ते मुळात सिंक आहे. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते आणि कचरापेटीत ३० दिवस राहते. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक अकरा महिन्यांनी येऊन ‘गेल्या वर्षीचंच काढा, फक्त तारीख बदला’ म्हणतं. आयड्राइव्हही पाहिलं. तिथे एका खात्यात कितीही कॉम्प्युटर जोडता येतात, पण जागा मोजून मिळते. बॅकब्लेझचं उलटं आहे. एका कॉम्प्युटरचे पैसे भरा, जागेला हद्द नाही, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कही त्यात येतात.

‘हद्द नाही’ या शब्दावर माझा फारसा विश्वास नव्हता. याच धंद्यातल्या मोझीने अमर्याद योजना २०११ मध्ये गुंडाळली आणि क्रॅशप्लॅनने २०१७ मध्ये घरगुती गिऱ्हाइकांनाच रामराम केला. बॅकब्लेझने शब्द अजून पाळलाय, भाव मात्र चढवत नेलाय. सुरुवातीचे महिन्याला ५ डॉलर २०१९ ला ६ झाले, २०२१ ला ७ आणि २०२३ ला ९. वर्षाचे एकदम भरले तर ९९ डॉलर. कार्डाचा परकीय चलनाचा आकार धरून मला साडेआठ हजारांच्या पुढे पडले. मी वर्षाचेच भरले, कारण ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांचे नियम कडक झाल्यावर दर महिन्याचं परदेशी बिल कधी अडकेल याचा भरवसा वाटत नाही. बॅकअप बंद पडला आणि आपल्याला पत्ताच नाही, असं नको होतं.

खातं उघडतानाच डेटा कुठल्या प्रदेशात ठेवायचा ते विचारतात आणि नंतर ते बदलता येत नाही. भारतात त्यांचं केंद्र नाही. मी युरोप निवडलं, म्हणजे ॲमस्टरडॅम. सांगलीतल्या वधू-वरांची नावं आता हॉलंडमध्ये, बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या देशात सुरक्षित आहेत. यावर ताई अजून हसते.

माझा डेटा १.४ टीबी, अपलोड सेकंदाला ४० मेगाबिट. कागदावर हिशेब तासाला १८ जीबी, रात्रीचे दहा तास धरले तर आठ-नऊ रात्री. प्रत्यक्षात पाच आठवडे लागले. पहिला आठवडा तर फुकटच गेला. दुकानातली पोरगी दुकान बंद करताना मेन स्विच खाली ओढायची, दहा वर्षांची सवय. सकाळी आकडा तिथल्या तिथेच. ‘काका, तुम्हीच तर सांगितलं होतं स्विच बंद करायला,’ म्हणाली, आणि तिचं बरोबरच होतं. मग रस्ता खोदताना केबल तुटली, ते चार दिवस. तुमची डेटाची मर्यादाही तपासून घ्या. बऱ्याच योजनांत ‘अनलिमिटेड’च्या खाली महिन्याला ३३०० जीबी असं बारीक अक्षरात असतं. माझं त्यात बसलं, पण लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचं बसणार नाही.

जुलैत कोयना-कृष्णाचं पाणी पुन्हा वाढायला लागलं. तेव्हा रोज सकाळी दोन आकडे बघायचो, आयर्विन पुलाची पातळी आणि बॅकअपमध्ये उरलेले जीबी. एक चढत होता, दुसरा उतरत होता, आणि कुठला आधी पोचेल ते सांगता येत नव्हतं. तेव्हाच कळलं की हे सॉफ्टवेअर साधारण लहान फाइली आधी चढवतं. आमच्या लाखभर जेपीजी आणि पत्रिका पटापट गेल्या, पण दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांच्या जाडजूड टिफ फाइली रांगेत शेवटी. ‘हे आधी ने’ असं सांगायचं बटण नाही. मग मी उलटा मार्ग धरला. बिनमहत्त्वाची फोल्डरं वगळण्याच्या यादीत टाकली, महत्त्वाचं वर गेलं, मग ती यादीतून काढली. सेटिंगमध्ये थ्रेड, म्हणजे एका वेळी फाइली चढवणारे धागे, वाढवता येतात, १०० पर्यंत. मी २० वर ठेवले. त्याच्या पुढे आमच्या लाइनवर फरक पडत नव्हता, जुना कॉम्प्युटर तेवढा धापा टाकायचा. सुदैवाने त्या वर्षी पाणी दुकानापर्यंत आलं नाही.

एकदा पहिली खेप पूर्ण झाली की नंतर ते आहे हेही जाणवत नाही. कोरल, म्हणजे आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर, चालू असताना मशीन अडखळत नाही. स्थिती सांगणारी मेल येते, ती बघायची सवय ठेवा, बास.

आता पहिली गेलेली फाइल. ऑक्टोबरात दिवाळी अंकाची ९६ पानं लागली होती. शेवटच्या फॉर्मची, म्हणजे एकत्र छापायच्या पानांच्या गटाची, फाइल उघडून पोरीने त्यात जाहिराती बसवल्या आणि घाईत दुसऱ्याच अंकाच्या फाइलीवर सेव्ह केली. नाव तेच, आत भलतंच. चूक लक्षात आली चार दिवसांनी, आणि इथे आवृत्त्यांचा इतिहास, म्हणजे त्यांनी जपून ठेवलेल्या फाइलीच्या जुन्या प्रती, कामी आला. पूर्वी फाइल परत घ्यायची तर वेबसाइटवर जाऊन झिप बनवून उतरवून घ्यावी लागायची. २०२३ मध्ये त्यांनी रिस्टोअरचं स्वतंत्र ॲप दिलं. तारीख मागे नेली, फोल्डर उघडलं, फाइलीवर खूण केली, कुठे ठेवायची ते सांगितलं. पंधरा मिनिटांत पानं परत. फाइलीचं नाव देवनागरीत होतं, ते जसंच्या तसं आलं. पूर्वी पेनड्राइव्हवरून जाता-येता आमच्या देवनागरी नावांचे चौकोन झालेले पाहिलेत, त्यामुळे याचं मला जास्तच कौतुक वाटलं.

दुसरी जास्त महत्त्वाची. ऑगस्टमध्ये एका पतसंस्थेचा अहवाल केला होता. ऑक्टोबरात दिवाळी अंकांसाठी जागा करताना तो पुसला, डिस्कवर टाकलाय असं समजून. टाकला नव्हता. फेब्रुवारीत मॅनेजर आले, ‘रौप्यमहोत्सवाची स्मरणिका काढतोय, अहवालातले तक्ते आणि संचालकांचे फोटो तुमच्याकडे आहेतच, तेच घ्या.’ मी हो म्हणालो आणि मग शोधायला लागलो.

पुसून चार महिने झालेले. पुसलेली फाइल ३० दिवसच ठेवायच्या बॅकब्लेझच्या पूर्वीच्या नियमात ती कधीच गेली असती. २०२३ मध्ये भाव ९ डॉलर केला तेव्हा एक वर्षाचा इतिहास त्याच पैशांत दिला, आधी त्याचे वेगळे द्यावे लागायचे. माझ्या मते दोन डॉलरच्या वाढीची वसुली एवढ्या एका गोष्टीत होते. तुमच्या खात्यात मुदत एक वर्षाची आहे ना, हे आजच उघडून बघा. बाहेरची डिस्क किती दिवस जोडली नाही तर तिची नक्कल काढून टाकतात, तेही याच मुदतीवर ठरतं. ३० दिवसांची मुदत असेल आणि डिस्क दोन महिने कपाटात पडून असेल, तर वरची नक्कलही गेली समजा.

पण नेमका त्याच आठवड्यात माझ्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, उडाला होता. म्हणून भाच्याच्या लॅपटॉपवर वेबसाइटवरून घ्यायचं ठरवलं. मी खासगी परवलीचा शब्द लावलेला आहे, कारण पतसंस्थांच्या सभासदांच्या याद्या माझ्याकडे असतात. तो विसरलात तर कंपनीही काही करू शकत नाही. तो मी ताईकडच्या डायरीत लिहून ठेवलाय. ताईने फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवलं, ‘मोठा के, मग लहान के’. एक गोष्ट मात्र मला पटलेली नाही. वेबसाइटवरून रिस्टोअर करताना हा शब्द त्यांच्या पानावर टाकावा लागतो आणि फाइली तिकडेच उलगडून आपल्याकडे येतात. किल्ली आपलीच, पण कुलूप उघडायला ती त्यांच्या हातात द्यायची. लग्नपत्रिकांना हे चालेल. वकील किंवा डॉक्टर असाल तर विचार करून घ्या.

झिप उतरली, भाच्याने कोरलमध्ये फाइल उघडली, आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. तक्ते जागच्या जागी, फोटो जागच्या जागी, मराठीचा एक शब्द वाचता येईना. डीटीपीवाल्यांना एव्हाना कळलं असेल. काम श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमधलं, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचं. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर गिचमीड. आणि फॉन्ट असतात विंडोजच्या फोल्डरात. ते फोल्डर आणि प्रोग्राम फाइल्स हे सॉफ्टवेअर घेतच नाही. हे त्यांनी लपवलेलं नाही, स्पष्ट लिहिलेलं आहे. मीच वाचलं नव्हतं.

दोन दिवसांनी एसएमपीएस बदलून मशीन चालू झालं आणि फाइल तिथे नीट उघडली. पण त्या दोन दिवसांत माझ्या डोळ्यांपुढे २०१९ ची फळी होती. मशीनच गेलं असतं तर ॲमस्टरडॅममधल्या १.४ टीबीचं काय करायचं होतं? फोटो आले असते, पीडीएफ आल्या असत्या. पुरानंतरच्या सगळ्या मूळ फाइली गिचमीड होऊन आल्या असत्या. श्रीलिपीचं डोंगल, म्हणजे ते चालवायला कॉम्प्युटरला जोडावी लागणारी किल्ली, तर दुकानाच्या ड्रॉवरमध्येच असायचं.

त्याच संध्याकाळी डी ड्राइव्हवर ‘फॉन्ट’ नावाचं फोल्डर केलं. दुकानात वापरलेला प्रत्येक फॉन्ट त्यात घातला, त्याच्यासोबत कीबोर्डचे आराखडे आणि कोरलचे आमचे साचे. पाचशे एमबीसुद्धा नाही. त्या रात्रीच वर गेलं. डोंगल आता विश्रामबागला जायचं सुट्टीच्या दिवसांत आणि पावसाळ्यात. आणि महिन्यातून एकदा भाच्याच्या लॅपटॉपवर कुठलीही एक जुनी फाइल उतरवून उघडून बघतो. भाचा याला ‘मामाची परीक्षा’ म्हणतो.

उरलेल्या बारीकसारीक तक्रारी. नेटवर्कवरची ड्राइव्ह आणि नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी, यात धरत नाहीत, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला पुन्हा पूर्ण ९९ डॉलर. पोरीच्या मशीनवरचं कामाचं फोल्डर मी रोज संध्याकाळी माझ्या डी ड्राइव्हवर कॉपी करवून घेतो, म्हणजे तेही वर जातं. जुगाडच आहे, आणि ज्या दिवशी ती विसरते त्या दिवशीचं काम उघडंच राहतं. सगळा डेटा हार्ड डिस्कवर भरून कुरिअरने पाठवायची सोय आहे, ३० दिवसांत डिस्क परत केली तर तिचे पैसेही परत मिळतात. अमेरिकेत राहणाऱ्याला झकास. इथे बसून डिस्क मागवायची, सोडवायची आणि परत पाठवायची, एवढा उत्साह माझ्यात नाही. त्यापेक्षा रात्रभर डाउनलोड लावीन.

जूनमध्ये वर्ष संपतंय, मी पुन्हा भरणार आहे. पोरीच्या मशीनसाठी वेगळे भरायचे की नाही ते अजून ठरत नाही. ती म्हणते, ‘काका, मेन स्विच मी आता बंद करत नाही, तेवढे पैसे वाचले की.’ दुकानातली फळी मात्र मी यंदा काढूनच टाकली.