सवानामधली मिसेस विल्क्सची खाणावळ: चिकनसाठी जा पण चवळी सोडू नका

सवानाला निघालात की कोणीतरी सांगतंच, मिसेस विल्क्सकडे फ्राइड चिकन खाऊन या. मग लोक जातात, उन्हात तास-दीड तास उभे राहतात, चिकनचे फोटो टाकतात आणि घरी येतात. चिकन भारीच आहे, त्याबद्दल वादच नाही. पण माझं मत विचाराल तर तिथे जायचं ते भाज्यांसाठी, कारण टेबलावर येतं काय तर चवळी, भेंडी, रताळं, कोबी, मका, काकडी, म्हणजे आपल्या ओळखीचाच बाजार, फक्त या रूपात तो आपण कधी खाल्लेला नसतो.

आधी जागेबद्दल. सवाना म्हणजे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं समुद्राजवळचं जुनं शहर, 1733 मध्ये वसवलेलं, गावभर छोटे छोटे चौक आणि त्यात मोठमोठे ओक, त्यांच्यावरून स्पॅनिश मॉस नावाच्या वनस्पतीच्या राखाडी जटा लोंबत असतात. आम्ही अटलांटाहून गाडीने जातो, मेकन शहरापर्यंत आय-75 हायवे आणि पुढे आय-16, चारेक तास, आणि हा आय-16 इतका कंटाळवाणा सरळसोट रस्ता आहे की पोचेपर्यंत भूक नुसती चवताळलेली असते. जोन्स स्ट्रीट हा विटांचा रस्ता, त्यावर लाल विटांचं घर, तळमजल्यावर डायनिंग रूम. 1943 मध्ये सेमा विल्क्स नावाच्या बाईंनी इथलं बोर्डिंग हाऊस चालवायला घेतलं. वर भाडेकरू राहायचे, खाली सगळे एकत्र जेवायचे, थोडक्यात आपली खाणावळच. पुढे भाडेकरू गेले आणि जेवण तेवढं राहिलं. 2000 मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशनने (खाण्याच्या क्षेत्रात मानाचे पुरस्कार देणारी इथली संस्था) त्यांना अमेरिकन क्लासिक म्हणून पुरस्कार दिला, 2002 मध्ये बाई गेल्या, आता घरचीच पुढची पिढी चालवते. 2010 मध्ये ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना इथे जेवून गेले. असो, आपण जेवणाकडे वळू.

इथे मेन्यूकार्ड नाही. रिझर्व्हेशन पण नाही. बाहेर रांग लावायची, दहा-दहा जणांना आत घेतात आणि एका मोठ्या टेबलावर बसवतात, तुम्ही चौघं असाल तर बाकीचे सहा कोण असतील ते नशिबावर. बसेपर्यंत टेबलावर वाडगे मांडून ठेवलेले असतात, वीसेक तरी असतील, मधे हात ठेवायला जागा नसते. आपल्या पंगतीसारखंच म्हणायला हवं, फक्त वाढपी नाही, वाडगा उचलायचा, आपल्याला घ्यायचं आणि शेजारच्याकडे सरकवायचा. कोणी वाडगा अडवून बसला की सगळं टेबल खोळंबतं. आणि म्हणूनच बोलावं लागतं, "ती भेंडी जरा इकडे द्या" एवढं तरी म्हणावंच लागतं, आणि एकदा तेवढं बोललं की मग कुठून आलात, मुलं किती, सगळं सुरू.

आमच्या टेबलावर अलाबामाचं एक वयस्कर जोडपं होतं. आई-बाबा तेव्हा इथे आलेले, आईला इंग्रजी कळतं पण या लोकांचा हेल डोक्यावरून जातो, तरी त्या आजीबाईंनी आईच्या ताटात स्वतः डबल बी वाढली आणि वर बोटाने खूण करून दाखवलं की त्यात कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याच्या पिठाचा पाव, कुस्करून खा. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, ह्या तर भाकरी कुस्करायला सांगतायत." कुस्करून खाल्लं तिने, आणि परत घेतलं.

चिकनबद्दल एवढंच सांगते की त्यात मसाला नाही. मीठ, मिरपूड, डब्यातलं बिनसाखरेचं आटवलेलं दूध थोडं पाणी घालून, थोडा वेळ मुरवायचं, मैद्यात घोळवायचं आणि तळायचं. बाईंची म्हणून जी रेसिपी सगळीकडे फिरते ती इतकीच आहे. साल पातळ आणि कुरकुरीत, आतलं मांस ओलं. आपल्या जिभेला पहिल्या घासाला वाटतं काहीतरी राहिलंय, लिंबू नाही, तिखट नाही, आणि दुसऱ्या तुकड्यापर्यंत हे विसरायला होतं. टेबलावर तिखट सॉस मागितला तर त्यात कमीपणा मानू नका, इथले लोकही घालतात.

आता भाज्या. चवळीपासून सुरू करते. मोड नाहीत, वाटण नाही, फोडणी नाही, पाण्यात कांदा आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा टाकून तासन्‌तास मंद शिजवतात. दाणा अख्खा राहतो पण जिभेने दाबला की फुटतो, आणि खाली जो दाट रस्सा उरतो तो भातावर घ्यायचा. (एक जानेवारीला चवळी-भात खाल्ला की वर्ष चांगलं जातं असं अख्ख्या साउथमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, मानतात, सोबत हिरवी पालेभाजी, ती पैशासाठी.) भेंडी टोमॅटोत शिजवलेली असते आणि ती बुळबुळीतच असते, घालवायचा प्रयत्नच नाही, उलट त्यानेच रस दाट होतो. भेंडी कोरडी परतणाऱ्या घरातल्या माणसाला हे बघून शहारा येतो, मलाही आला, पण टोमॅटोचा आंबटपणा आणि ती दाटी हे भातावर फार छान लागतं. कॉलर्ड ग्रीन्स म्हणजे कोबीच्याच कुळातली, गड्डा न धरणारी जाड पानं, ती इतकी शिजवतात की रंग मिलिटरीच्या कपड्यांसारखा होतो, आणि त्याचं जे पाणी सुटतं त्याला पॉट लिकर म्हणतात, खारट, कडवट, धुरकट. कोणी बघत नसेल तर मी वाटीला तोंड लावते. रताळं गोड, लोण्यात आणि साखरेत, दालचिनी घातलेलं, हे भाजी म्हणून जेवणात खातात आणि गोडाची जागा वेगळी, हे पचायला मला वेळ लागला. मॅकरोनी चीजपण इथे भाजीत मोडतं. खरंच. साउथमधल्या साध्या जेवणाच्या हॉटेलात एक मांसाचा प्रकार आणि तीन भाज्या असं ताट मिळतं ना, त्या भाज्यांच्या यादीत ते असतंच.

भाजी गाळ होईपर्यंत शिजवतात अशी तक्रार आपले लोक हमखास करतात. मला वाटतं ती तक्रार चुकीच्या जागी आहे. ही पानं जाड आहेत, कडू आहेत, पाच मिनिटं परतून ती चावणार नाहीत. आळू आपण कच्चा ठेवतो का?

माझे बाबा माळकरी, त्यामुळे त्यांचं प्रकरण अवघड होतं. चवळीत, पालेभाजीत, घेवड्यात, डबल बीत मांसाचा तुकडा असण्याची शक्यता साउथमध्ये कुठेही धरूनच चालायची, ही यांची फोडणी आहे, ती वगळा म्हणणं म्हणजे आपल्याकडे मोहरी नको म्हणण्यासारखं. बसल्या बसल्या टेबल सांभाळणाऱ्या मुलीला सरळ विचारा कशात मांस नाही, सांगतात, तोंड वाकडं करत नाहीत. बाबा त्या दिवशी रताळं, मॅकरोनी, काकडीची कोशिंबीर, कोलस्लॉ (कच्च्या कोबीची कोशिंबीर) यावर जेवले आणि खूश होते. पण कट्टर शाकाहारी मंडळींना घेऊन मुद्दाम चार तास गाडी चालवत जाऊ नका, वीस वाडग्यांतले सहा-सात खायचे आणि पैसे पूर्ण द्यायचे, त्यांचाही मूड जाईल आणि तुमचाही.

जरा विषयांतर. या जेवणाला सगळीकडे "आजीच्या हातचं" म्हणून विकतात, जुन्या काळातलं साधं, घरगुती वगैरे. कोणाच्या आजीच्या, हा प्रश्न मला पडतोच. भेंडी आणि चवळी दोन्ही आफ्रिकेतून इथे आली, गुलामांच्या जहाजांच्या काळात. चवळी तर तिथूनच हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडेही आली, म्हणूनच ती दोन्हीकडे घरची वाटते. टेबलावरचा तांबडा भात, टोमॅटोतला, त्याचं मूळ पश्चिम आफ्रिकेच्या जोलोफ भातात आहे. जॉर्जियाच्या वसाहतीत सुरुवातीला गुलामगिरीला बंदी होती, 1751 मध्ये ती उठली आणि मग या किनाऱ्यावर भाताची शेती उभी राहिली, ती ज्यांना भातशेती येत होती अशा पकडून आणलेल्या आफ्रिकन लोकांच्या जिवावर. पुढे गोऱ्या घरांच्या स्वयंपाकघरातपण बहुतेक वेळा काळ्या बायकाच राबत होत्या. आणि 1943 च्या सवानात काळ्या माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात त्यांच्या शेजारी बसून जेवता येत नव्हतं, कायद्याने ते 1964 ला बदललं. आता त्याच शहरात दहा अनोळखी माणसं, आमच्यासारखी सावळी धरून, एकाच वाडग्यातून घेतात. हे सगळं जेवताना डोक्यात येऊ नये असं थोडंच आहे, आलं तर येऊ दे, जेवण त्याने कडू होत नाही.

दुसरी गंमत म्हणजे "जुनं" म्हणून जे मिरवतात त्यातलं बरंचसं डब्यातून आलंय. थँक्सगिव्हिंगला घरोघरी असते ती ग्रीन बीन कॅसेरोल (डब्यातल्या सूपमध्ये भाजलेल्या घेवड्याच्या शेंगा) 1955 मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या किचनमध्ये तयार झाली, न्यू जर्सीत, साउथमध्ये पण नाही. रताळ्यावर मार्शमॅलो लावायची टूम मार्शमॅलोवाल्यांनी 1917 च्या सुमाराला पुस्तिका छापून पसरवली. बनाना पुडिंगमध्ये पाकिटातली व्हॅनिला बिस्किटं. आणि फ्राइड चिकनमधलं दूधसुद्धा डब्यातलंच. मला यात काही वाईट वाटत नाही. आपल्या आयांनी मिल्कमेडच्या डब्यामागची रेसिपी बघून केक केलेच की, आणि आज तोच आपला लहानपणीचा केक आहे. राग येतो तो हायवेवर नॉस्टॅल्जियाचं दुकान मांडून बसलेल्या ठिकाणांचा. अशाच एका ठिकाणी आम्ही अडकलो होतो, नाव नाही घेत, भिंतीवर जुने कंदील आणि खुरपी लटकवलेली, बाहेर झुलत्या खुर्च्या, आणि ताटात मायक्रोवेव्ह केलेली पालेभाजी, आत अजून थंड. मिसेस विल्क्सकडे सजावटीच्या नावाने फारसं काही नाही, भिंतींवर कात्रणं आणि फोटो, बस्स.

घरी करून बघायचं असेल तर कॉर्नब्रेडपासून करा, सगळ्यात सोपं. पांढरं मक्याचं जाडसर पीठ दोन कप, ताक दोन कप (इथलं दाट बटरमिल्क घ्या, आपलं पातळ ताक नको), दोन अंडी, सोडा, बेकिंग पावडर आणि मीठ एक-एक चमचा. साखर नाही! उत्तरेकडचे साखर घालतात आणि साउथचे लोक त्यावरून भांडतात. महत्त्वाचं म्हणजे बिडाचा तवा, खोल कडेचा, तेल किंवा लोणी घालून ओव्हनमध्येच कडकडीत तापवायचा, 450 फॅरनहाइट, आणि मग त्यात पीठ ओतायचं. ओतताना चर्र आवाज आलाच पाहिजे, नाही आला तर खालचा पापुद्रा विसरा. वीस-पंचवीस मिनिटं. तवा लॉजचा स्वस्त मिळतो, टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्ग गावची कंपनी आहे, 1896 पासूनची, आणि मी त्याच तव्यावर थालीपीठ पण लावते, मस्त सुटतं.

बिस्किटं, म्हणजे इथली मऊ गरम पावासारखी, ती मात्र घरी तशी होत नाहीत. त्याला मऊ गव्हाचं कमी प्रोटीनचं पीठ लागतं, साउथमध्ये व्हाइट लिली नावाचं पीठ वापरतात. आपल्या आट्याचं नाव पण काढू नका, वीट होते.

चहाबद्दल सावध करते. स्वीट टी म्हणजे बर्फाचा काळा चहा, पण साखर गरम असतानाच विरघळवलेली, त्यामुळे किती मावते त्याला हिशोब नाही. अर्धा साधा अर्धा गोड असं मागायची पद्धत आहे, तेच मागा. शेवटी गोड येतं, कॉबलर (वर पिठाचं कवच देऊन भाजलेली फळं) किंवा बनाना पुडिंग. मी पुडिंगवाली. नवरा कॉबलरवाला, पीच असेल तर ठीकच आहे, पण कवच ओलं होतं आणि मला ते आवडत नाही, आमचं यावर एकमत व्हायचं नाही. जेवून झालं की आपलं ताट आपणच उचलून स्वयंपाकघराकडे नेऊन ठेवायचं, ही बोर्डिंग हाऊसची पद्धत अजून पाळतात. बाबांना हे फार आवडलं, ते माझ्या मुलाचंही ताट घेऊन निघाले तर त्यांना थांबवून त्यालाच न्यायला लावलं.

जायचं असेल तर एवढं बघा. फक्त दुपारचं जेवण असतं, साधारण अकरा ते दोन, शनिवार-रविवार धरून चालू नका, जानेवारीत बराच काळ बंद ठेवतात, त्यामुळे निघायच्या आधी त्यांचं वेळापत्रक तपासा. साडेदहाच्या आत रांगेत उभं राहा. कॅश जवळ ठेवा. माणशी एकच रक्कम, कितीही खा, त्यामुळे सकाळी हॉटेलातला फुकटचा नाश्ता करून जाणं म्हणजे स्वतःचंच नुकसान. उन्हाळ्यात पाणी आणि टोप्या घ्या, सवानाचा दमटपणा मुंबईची आठवण करून देतो. आणि जेवणानंतर लगेच अटलांटाची ड्राइव्ह ठेवू नका हो, आय-16 वर झोप आवरत नाही, त्यापेक्षा टायबी बीच अर्ध्या तासावर आहे, तिथे चटई टाका.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो बाबांच्या वतीने.