कळंबोलीतलं हे गॅरेज: हेड गॅस्केटचं काम मोजून करणारे लोक

या गॅरेजबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आमची टाटा ४०७ आहे, जुनी, ४९७ इंजिनवाली, सासऱ्यांनी घेतलेली. आता मिस्टर चालवतात आणि भाडी-हिशोब मी बघते. तळोजा एमआयडीसीतून माल भरायचा आणि खोपोलीवरून बोरघाट चढायचा हे तिचं नेहमीचं, आणि घाटातच तापमानाचा काटा वर जायला लागला. रेडिएटरचं पाणी कमी होत होतं पण खाली एक थेंब नाही, होज पाइप कोरडे. मग सकाळी स्टार्टिंगला सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि थंड गाडीचं झाकण उघडून (गरम असताना चुकूनही हात लावू नका, वाफेने तोंड भाजतं) इंजिन चालू केलं की पाण्यात सतत बुडबुडे. म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलेलं. सिलिंडरमधलं प्रेशर पाण्याच्या प्रेशरपेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यामुळे फट पडली की गॅस सरळ पाण्यात घुसतो.

खरा राग याचा होता की हे काम त्याआधी दुसरीकडे एकदा झालेलं होतं. तिथे हेड काढलं, फडक्याने पुसलं, नवीन पॅकिंगला दोन्ही बाजूंनी शेलॅक (चिकट लेप) चोपडलं, पान्याला पाइप लावून आवळलं आणि संध्याकाळी गाडी हातात. थोड्याच दिवसांत परत तेच. गाडी उभी राहिली की भाडं जातं, हप्ता आणि ड्रायव्हरचा पगार थांबत नाही, हे ज्यांची एकच गाडी आहे त्यांना सांगायला नको.

इथे ट्रक टर्मिनलजवळ गाडी लावली तर मिस्त्रींनी पहिल्या दिवशी हेडला हातच लावला नाही. म्हणाले, "ताई, गॅस्केट आपणहून जात नाही, कशाने तरी जातं. ते सापडल्याशिवाय नवीन टाकलं तर तुम्ही परत माझ्याकडेच याल." मग डिपस्टिक काढून ऑइल बघितलं (दुधाच्या चहासारखं झालेलं नव्हतं, म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलं नव्हतं, नशीब), बेल्टचा ताण बघितला, वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, ढिला झालाय का ते बघितलं. गाडी थोडी गरम झाल्यावर बंद करून रेडिएटरवर हात फिरवला तर खालचा बराच भाग थंड. आत क्षार बसून नळ्या जाम! वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतल्याचा परिणाम. आणि थर्मोस्टॅट वॉल्व्ह (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारा) तर कुणीतरी कधीच काढून फेकलेला. गाडी तापते म्हणून तो काढून टाकायचा सल्ला अजूनही सर्रास देतात, पण ज्या इंजिनात बायपास (रेडिएटर टाळून पाणी परत फिरवणारी वाट) असतो तिथे वॉल्व्ह नसला की बरंच पाणी रेडिएटरला न जाता तसंच फिरत राहतं, म्हणजे चढावर उलट जास्तच तापतं आणि सपाट रस्त्यावर इंजिन हवं तेवढं गरम होत नाही, डिझेल जास्त खातं.

मग हेड उतरवलं. दोन आणि तीन नंबर सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर गॅस्केट जळून काळी रेघ पडली होती, मिस्त्रींनी मिस्टरांना बोलावून दाखवली. नंतर हेडवर सरळ पट्टी उभी धरून खालून फिलर गेजचं (फट मोजायचं) पातं घातलं, कडेला जात नव्हतं, मध्ये सर्रकन गेलं. हेड वाकलेलं होतं. अशा हेडखाली कितीही महागडं गॅस्केट घाला, टिकणार नाही. ब्लॉकचा वरचा सपाट भागही तसाच तपासला, तो ठीक निघाला.

हेड तुर्भ्याला मशीन शॉपमध्ये पाठवलं, आधी प्रेशर टेस्ट, कारण क्रॅक असेल तर फेसिंगचे (हेडचा खालचा भाग घासून सपाट करायचे) पैसे वाया, आणि मग फेसिंग. हेड किती घासायचं यालाही मर्यादा असते, जास्त घासलं तर वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, म्हणून परत आल्यावर वॉल्व्ह किती आत बसलेत तेही मोजलं. हे मी कुठल्याच गॅरेजात बघितलं नव्हतं.

बसवतानाचं काम तर बघत राहावं असं. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत टॅप (आटे साफ करायचं हत्यार) फिरवून हवा मारली, कारण तळाशी ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट नीट ओढत नाही, टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) मात्र पूर्ण दाखवतो, आणि कधीकधी ब्लॉकला तडा जातो. जुने बोल्ट नवीन बोल्टशेजारी ठेवून लांबी बघितली, ताणलेले सगळे बदलले. गॅस्केट कोरडंच बसवलं, शेलॅकचा थेंब नाही. मग मधल्या बोल्टपासून सुरू करून बाहेरच्या बाजूला जात, तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने आवळलं, आकडा मॅन्युअल उघडून बघितलेला. हाताखालचा मुलगा प्रत्येक बोल्टवर खडूने खूण करत होता. डिझेलच्या नोझलखालचे तांब्याचे वॉशर नवीन, ऑइल-फिल्टर नवीन, थर्मोस्टॅट नवीन, रेडिएटर खोलून नळ्या साफ केलेला, आणि आता कुलंट. बोअरचं पाणी बंद म्हणजे बंद, असा दमच दिलाय मिस्टरांना.

गाडी थोडी चालवून परत बोलावलं, थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने आवळले (रिटॉर्क) आणि टॅपेटही (वॉल्व्हची फट) परत सेट केलं, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. रिटॉर्क सगळ्याच गॅस्केटला लागत नाही, पाकिटावर लिहिलेलं असतं, तुमच्या मिस्त्रीला वाचायला सांगा. त्यानंतर भरलेली गाडी भर उन्हाळ्यात बोरघाट चढून गेली, काटा जागचा हलला नाही आणि पाणीही कमी झालं नाही. मिस्टरांनी वर पोचून फोन केला तेव्हा मला खरंच रडू आलं.

खटकलेलं पण लिहिते. वेळ लागतो. मशीन शॉप बाहेरचं असल्यामुळे तिथे गर्दी असेल तर गाडी अडकते आणि किती दिवस ते नक्की सांगत नाहीत. काम चालू असताना फोन उचलत नाहीत, प्रत्यक्ष जावं लागतं. पावसाळ्यात त्या गल्लीत चिखल असतो, बसायला जागा नाही, बायकांसाठी तर काहीच सोय नाही, ती व्हायला हवी. मजुरी आधीच्या गॅरेजपेक्षा जास्त पडली. आकडा मुद्दाम लिहीत नाही कारण हेड क्रॅक निघालं तर हिशोब पूर्णच बदलतो, पण बिलात मजुरी, मशीन शॉप आणि पार्ट वेगवेगळे लिहून मिळाले आणि जुने पार्ट पिशवीत भरून दिले.

जायचं असेल तर सकाळी लवकर जा आणि इंजिन थंड असताना पोचेल असं बघा, जवळचे असाल तर टोचन करून न्या. आणि पाणी गायब होत असेल तर रात्रभर उभ्या गाडीला सकाळी सरळ सेल्फ मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग काम गॅस्केटवर थांबत नाही, पूर्ण इंजिन खोलावं लागतं.