जीसीसी: -ओ२ की -ओ३?

जीसीसी हा सी आणि सी++ चा कंपायलर, आणि -ओ०, -ओ२, -ओ३ हे कोड किती वेगवान करायचा ते सांगणारे त्याचे पर्याय (-ओ० म्हणजे काहीच नाही). सी किंवा सी++ चा प्रोग्राम लोकांच्या हातात जाणार असेल तर -ओ२ वर बिल्ड करा. -ओ३ मात्र वेग मोजून फायदा दिसला तरच वापरा. पर्याय दिलाच नाही तर जीसीसी -ओ० धरतो. त्या बिल्डवर वेग मोजण्यात काही अर्थ नाही.

-ओ२ आणि -ओ३ मधलं अंतर आता बरंच कमी झालंय. २०२२ च्या जीसीसी १२ पासून -ओ२ सुद्धा लूप व्हेक्टराइझ करतो (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या इन्स्ट्रक्शन वापरतो), पण हात राखून: जीसीसी १२ मध्ये फेऱ्या किती होणार हे आधी कळत नसेल तर तो बहुधा लूप तसाच सोडायचा. -ओ३ तिथे धाडस करतो. शिवाय फंक्शनच्या प्रती काढतो, लूपमधली अट बाहेर काढून लूपच दोनदा लिहितो. बायनरी फुगते, आणि इन्स्ट्रक्शन कॅशेवर (प्रोसेसरमधल्या, कोड ठेवण्याच्या छोट्या वेगवान मेमरीवर) ताण आला तर -ओ३ चा बिल्ड -ओ२ पेक्षा हळूही चालतो. म्हणून प्रोफायलरमध्ये (कुठल्या कोडला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या साधनात) वर दिसणाऱ्या दोन-चार फाइलींनाच -ओ३ लावावा. एकाच कमांडमध्ये दोन्ही आले तर शेवटचा लागू होतो, हे मेकफाइलमध्ये (बिल्डच्या कमांड लिहिलेल्या फाइलमध्ये) हमखास नडतं.

-ओ३ देऊनही फ्लोटच्या ॲरेची साधी बेरीज वेग घेत नाही, अशी तक्रार नेहमीची. कारण फ्लोटच्या बेरजेचा क्रम बदलला की उत्तराचे शेवटचे अंक बदलतात आणि कंपायलरला ती मुभा नसते. ती -एफफास्ट-मॅथ देतो, पण त्याच्यासोबत ‘नॅन (आकडा नसलेली किंमत, उदा. ०/० चं उत्तर) कधी येणारच नाही’ हे गृहीतकही येतं, मग नॅन ओळखणाऱ्या इझनॅन फंक्शनची तपासणी कोडमधून उडू शकते. डेटात नॅन येत असेल तर हा पर्याय नकोच.

-मार्च=नेटिव्ह (बिल्ड करणाऱ्या मशीनच्या प्रोसेसरच्या सगळ्या इन्स्ट्रक्शन वापरायला सांगणारा पर्याय) -ओ२ आणि -ओ३ दोघांसोबत चालतो, मात्र तो बिल्ड तशाच मशीनपुरता. जुन्या प्रोसेसरवर प्रोग्राम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत पडतो. -एमट्यून=नेटिव्ह फक्त कोडची मांडणी त्या प्रोसेसरला जुळवतो, त्यात तो धोका नाही, फायदाही त्या मानाने कमी.

-ओ० वर चालणारा प्रोग्राम -ओ२ वर बिघडला की लोक कंपायलरला नावं ठेवतात. दोष बहुतेक वेळा कोडचा असतो: साइन्ड पूर्णांकाचा ओव्हरफ्लो (किंमत त्या प्रकारात मावेनाशी होणं), किंवा इंटचा पॉइंटर फ्लोटचा म्हणून वापरणं. -एफनो-स्ट्रिक्ट-एलियासिंग लावून पाहा; वेगळ्या प्रकारचे पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत नाहीत हे कंपायलरचं गृहीतक त्याने बंद होतं. बिघाड गेला तर आधी पॉइंटरचे कास्ट तपासा. ओव्हरफ्लो -एफसॅनिटाइझ=अनडिफाइन्ड हा पर्याय प्रोग्राम चालताना ओळ क्रमांकासकट दाखवतो.