कूलिंग व्हेस्ट: कोणती कुठे चालते आणि कुठे नुसतं ओझं होते

उन्हात, भट्टीजवळ किंवा बंद सूटमध्ये काम करणाऱ्यांसाठी मिळणाऱ्या कूलिंग व्हेस्ट मुख्यतः तीन प्रकारच्या असतात: पाण्यात भिजवून घालायच्या, पंखे बसवलेल्या आणि गोठवलेले पाउच लावायच्या. जाहिराती वाचल्या तर तिन्ही सारख्याच वाटतात. पण प्रत्येकीची शरीराला मदत करण्याची तऱ्हा वेगळी आहे, आणि चुकीच्या जागी घातली तर यातली कुठलीही बंडी अंग अधिक तापवू शकते.

आधी हिशेब पाहू. मध्यम कष्टाचं काम करताना शरीराला साधारण २५० वॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. गरम हवेत त्वचा ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून तापली की वारा गार करत नाही, उलट हवेची उष्णता अंगात शिरते. मग भिस्त सगळी घामावर. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, म्हणजे तासाभराच्या या कामासाठी ३७५ मिली वाळणं पुरेसं आहे. निथळून खाली पडलेल्या घामाचा मात्र काही उपयोग नाही. त्यात फक्त पाणी आणि मीठ जातं.

भिजवायची व्हेस्ट नेमकं घामाचंच काम करते, म्हणून जिथे घाम वाळत नाही तिथे तीही निकामी ठरते. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना सावलीत, वाऱ्यावर ओलं कापड २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. त्वचेहून १२ अंश कमी. ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत ते २९ च्या खाली जातच नाही, आणि वारा नसेल तर तेवढंही नाही. अशा दमट हवेत ही बंडी म्हणजे अंगावरचा ओला थर, जो खालचा घाम अडवून धरतो. कव्हरऑलच्या, म्हणजे अंगभर घालायच्या कामाच्या सूटच्या, आत घातली तरी हीच गत. कोरड्या, वाहत्या हवेत मात्र ती स्वस्त आणि उत्तम. पाण्याचा काही भाग बाहेरच्या हवेलाच गार करण्यात खर्च होतो हे खरं, पण ते पाणी शरीरातलं नसतं, हा मोठा फायदा.

वापरताना दोनच चुका सर्रास होतात. पहिली, पिळणं. आतले पाणी शोषणारे दाणे पिळल्याने एका कोपऱ्यात गोळा होतात; नुसतं दाबून निथळू द्यावं आणि आतली बाजू पुसून घ्यावी. दुसरी, जड (क्षारयुक्त) पाण्यात भिजवणं. पाण्यातलं कॅल्शियम या दाण्यांना चिकटतं आणि त्यांची शोषण्याची ताकद कायमची घटते. पांढरे डाग दिसू लागले तर कारण बहुधा हेच. फॅब्रिक सॉफ्टनर आणि ब्लीच टाळा. ओली घडी घालून ठेवली तर बुरशी धरते.

पंख्याच्या जॅकेटला कमरेवर दोन पंखे असतात आणि हवा गळ्यातून, बाह्यांतून बाहेर पडते. ३० ते ३४ अंशांच्या दमट हवेत आमची पहिली पसंती हिलाच, कारण अंगालगतची ओलसर हवा ती सतत बदलत राहते. कंबरेची इलॅस्टिक सैल असेल तर हवा तिथूनच निसटते आणि पाठ गरमच राहते. विकत घेताना हीच जागा आधी तपासा. ३५ च्या वर अंग ओलं असेपर्यंतच तिचा उपयोग. घाम कमी पडला की हीच हवा अंग भाजते, म्हणून आतला शर्ट अधूनमधून भिजवावा. ठिणग्या किंवा धूळ उडते तिथे ती नकोच, पंखे सगळं आत ओढतात.

बंद सूटमध्ये घाम वाळायला वावच नसतो. तिथे पाउचची व्हेस्ट हवी. पाउचमधला गोठलेला पदार्थ वितळताना अंगाची उष्णता शोषतो. साधारण दोन किलो पदार्थ, किलोमागे २०० किलोज्यूल धरले तर ४०० किलोज्यूल. म्हणजे वरच्या कामाच्या तासाभराच्या उष्णतेच्या निम्म्याहून कमी. त्यातलाही काही वाटा बाहेरची उष्णता खाते. म्हणून पाउचचे दोन संच लागतात: एक अंगावर, एक गोठत.

बर्फाचे पाउच किलोमागे ३३४ किलोज्यूल शोषतात, तरी आम्ही २१ अंशांच्या आसपास वितळणारे निवडतो. फार थंड स्पर्श झाला की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, घामही मंदावतो. त्वचा गार पडते आणि आतली काही उष्णता आतच अडकू शकते. शिवाय २१ अंशांचे पाउच बर्फाच्या पाण्यात ठेवले तरी पुन्हा गोठतात, त्यांना फ्रीझर लागत नाही. गोठताना ते सपाट ठेवा, नाहीतर मध्ये फुगवटा येऊन अंगाला टेकत नाहीत. फट राहिली की मधली हवा उष्णता अडवते, म्हणून व्हेस्ट एकाच पातळ बनियनवर, घट्ट बसेल अशी हवी. मीठयुक्त पदार्थ अनेक वेळा वितळून गोठल्यावर थरांत विभागू शकतात; पॅराफिनचे (मेणाचे) पाउच टिकतात, पण जळतात, म्हणून वेल्डिंगजवळ नकोत.

तिन्हींबाबत एक धोका सारखाच आहे. छाती-पाठ गार झाली की माणसाला बरं वाटतं आणि तो विश्रांती टाळतो, शरीराच्या आतलं तापमान मात्र चढतच असू शकतं. विश्रांतीचं आणि पाण्याचं वेळापत्रक व्हेस्टमुळे सैल करू नका. बोलणं अडखळलं, भ्रम झाला, तर उष्माघात समजून व्हेस्टसह सगळे जड कपडे उतरवा, थंड पाण्यात बसवा किंवा अंगावर सतत पाणी ओता आणि रुग्णवाहिका बोलवा.

पाउचची व्हेस्ट घेताना विक्रेत्याला दोन आकडे विचारा: पदार्थ किती अंशांना वितळतो आणि त्याचं निव्वळ वजन किती. ‘चार तास गारवा’ एवढंच छापलेलं असेल आणि हे आकडे मिळत नसतील, तर घेऊ नका.