टाळेबंदीतील मनुष्यबळ सेवा : टॉवेल कारखान्यातला अनुभव
सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या ज्या टॉवेल कारखान्यात मी हिशेबनीस आहे, तिथले मनुष्यबळ विभागाचे (एचआरचे) काम बाहेरच्या एका सल्लागार संस्थेकडे असून, 25 मार्च 2020 रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाल्यानंतर तिने दिलेल्या सेवेविषयी हे लिहीत आहे.

सर्वांत मोलाची मदत झाली ती भविष्य निर्वाह निधीच्या कोविड अग्रिमासाठी. तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा खात्यातील 75 टक्के शिल्लक, यांपैकी कमी असलेली रक्कम परतफेडीविना काढता येत होती. परंतु आधार कार्डावरचे आणि निधीच्या खात्यातले नाव जुळत नसले की घोडे अडत असे. संस्थेच्या ताईंनी एकेका कामगाराला फोन करून नाव अक्षर अक्षर पडताळले आणि दुरुस्तीचे अर्ज भरले, तेही तेलुगूत बोलून. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक घरांत त्याचे मोल किती, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

समुपदेशनाची हेल्पलाइन मात्र नावापुरतीच होती. तिथे फक्त हिंदी आणि इंग्रजी चाले. शिवाय माझ्या विलगीकरणाचे 14 दिवस संस्थेने हक्काच्या रजेतून कापले आणि दोनदा लेखी तक्रार केल्यावर, तब्बल दोन महिन्यांनी, परत जमा केले. करार पुढे वाढवताना विलगीकरणाच्या रजेचा नियम मालकांनी लेखी घालून घ्यावा.